सरकत्या भिंतींचा शेजारी

तो बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायचा. पहिल्यांदा आमच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं, माझ्या डोक्यामागे पाल आहे. मी दचकून वळले. काही नव्हतं.

"वहिनी, तुमची भिंत खाली मळकी आणि वर पांढरी कशी?"

"खाली मुलं हात पुसतात."

"असं होय," म्हणाला, आणि चपला काढून आत आला, मुलांच्या हातांचे डाग कुठपर्यंत चढलेत ते वितीने मोजलं आणि निघून गेला. कशाला आला होता ते सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी परत आला. गोणपाटं शिवून हवी होती.

ही घाटकोपरची आमची चाळ. आमचे हे गिरणीत होते. मी चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळेचा आणि माझा संबंध संपला, पण माझी कात्री सरळ चालायची. घरी मशीन होतं. चाळीतल्या बायकांची पोलकी, परकर, उशांचे अभ्रे मी शिवायची. तो शेजारच्या खोलीत एकटा राहायचा. चाळिशीला आलेला, लग्न नाही, एक बहीण कोकणात. भांडुपच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रं बाहेरगावी पाठवायची तर लाकडाचे मोठे खोके लागतात, ते ठोकायचं त्याचं काम. उरलेल्या वेळात नाटकांची नेपथ्यं करायचा. गणपतीतली नाटकं, शाळांची गॅदरिंगं, कामगारांच्या स्पर्धा, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठेही. कोणी त्याला नेपथ्यकार म्हटलं की तो म्हणायचा, "मी खोके ठोकतो. तिकडे यंत्रं भरतात, इकडे नट भरतात."

नटांना ते आवडायचं नाही. त्याला नटांचं काही पडलेलंही नव्हतं.

मी त्याला चांगला माणूस म्हणणार नाही. वाईटही नव्हता. पण त्याच्याशी शेजार करणं म्हणजे कटकट होती, आणि माणूस मेला की त्याच्या कटकटीला लोक गुण म्हणायला लागतात, ते मला जमत नाही.

त्याची खोली बघायला चाळीतली पोरंसोरं जायची, मोठी माणसं टाळायची. खाट कधी एका जागी नसायची. आज भिंतीला, परवा मधोमध, तेरवा दाराला आडवी. कामावरून आला की आत न जाता उंबऱ्यावर उभा राहायचा. लोकांना वाटायचं किल्ली हरवली.

"आत शिरताना पहिल्यांदा काय दिसतं ते बघतोय," म्हणायचा.

"काय दिसणार? तुमचा स्टोव्ह," मी म्हणायची.

"तेच तर चुकतंय."

आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये जी भिंत होती, तिच्यावर त्याने त्याच्या बाजूने एक खिडकी रंगवली होती. गज, चौकट, बाहेर आभाळ, आणि कोपऱ्यात वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर. आमचे हे एकदा काडेपेटी मागायला गेले, तिथेच विडी पेटवली आणि जळकी काडी खिडकीबाहेर फेकली. काडी भिंतीवर आपटून परत पायाशी आली. घरी येऊन म्हणाले, "खुळो आसा तो. आणि माकाय खुळो केल्यान."

मी त्याला विचारलं, "त्या भिंतीच्या पलीकडे आमची मोरी आहे. तुम्हाला आभाळ कुठून सापडलं?"

तो म्हणाला, "मोरी ऐकू येते ना. तुमची ताटं वाजतात, तुम्ही पोरांना धपाटे घालता, सगळं ऐकू येतं. ऐकायला तेवढं पुरे. बघायला काहीतरी पाहिजे."

त्या दिवसापासून मी धपाटे जरा बेताने घालायला लागले, एवढंच.

आमच्या माडीवर कडेच्या खोलीतले काका वारले. आजार लांबला होता, दोन वर्षं खाटेवरच होते. चाळ समाचाराला गेली, तो पण आला. बायका बसलेल्या, काकी भिंतीला टेकून, कोणी बोलत नव्हतं. याने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काकी, ही खाट इथून हलवू नका. हलवली की खालच्या लादीचा रंग वेगळा निघेल. मग रोज तो तुकडाच दिसत राहील."

काकींच्या मुलाने त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. बरोबरच केलं त्याने. पुढे बाराव्यानंतर त्यांनी खाट हलवली, तर खाली लाद्या कोऱ्या, लाल, जशा आणल्या तशा. काकींनी त्यावर चटई घातली. मला म्हणाल्या, "मेला बोलला ते खरं गं. पण त्या दिवशी बोलायचं?"

त्याला तो दिवस आणि हा दिवस यातला फरक कळायचा नाही. दिसेल ते बोलायचा.

आता त्याच्या कामाबद्दल. मला नाटकातलं काही कळत नाही, पण त्याचं काम मी बघितलंय, कारण त्यातलं निम्मं कापड मी शिवलंय.

मैदानात गणपतीचं नाटक होतं. त्यात सासुरवासाला कंटाळलेली सून विहिरीत जीव द्यायला निघते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या नाटकात विहीर असायचीच, आणि दरवर्षी पुठ्ठ्याचा कठडा करून त्यावर दगड रंगवायचे. पोरं पण हसायची. याने कठडा केलाच नाही. स्टेजच्या मधल्या दोन फळ्या काढल्या, खाली पाण्याने भरलेली परात ठेवली, परातीत आरशाचे तुकडे, बाजूला दिवा. नटी त्या भोकाच्या काठावर आली आणि वाकली, तर खालून पाण्याचा उजेड तिच्या तोंडावर हलायला लागला. बाकी सगळा काळोख. दगड नाही, रहाट नाही, नुसतं हलणारं तोंड.

पुढच्या सतरंजीवरची माणसं वाकून खाली बघायला उठली. बाजारात आम्हाला मासळी देणारी एक कोळीण नाटकाला आली होती, ती जोरात ओरडली, "अगो बाय, मागं हो! पडशील ना!" कोणी हसलं नाही. नटी खरंच एक पाऊल मागे झाली. नाटकात तिने उडी मारायची होती. तो प्रवेश तिथेच थांबला, पडदा पाडावा लागला, लेखक डोक्याला हात लावून बसला.

मी याला म्हटलं, "बिघडवलंत ना नाटक?"

"बिघडलं कुठे? वाचली ना ती," म्हणाला.

तर असा माणूस. माणसाकडे न बघणारा. म्हणून एके दिवशी तो माझ्या मशीनपाशी येऊन "त्या बाईंची उंची तुमच्या कुठपर्यंत येते हो?" असं म्हणाला, तेव्हा मी शिवण थांबवली.

"कुठल्या बाई?"

"नव्या नाटकात आईचं काम करणाऱ्या. मुलुंडहून येतात त्या. दाराची चौकट करायची आहे. त्यांना जरा वाकून यावं लागलं पाहिजे."

ती बाई मला माहीत होती. तिची पोलकी मी शिवत होते. कारखान्यांच्या नाटकांना बायका मिळत नसत, कामगारांच्या बायका स्टेजवर जायच्या नाहीत, मग अशा कामाला बाहेरून नटी बोलवत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मुलुंडला भावाकडे राहायची. वय पस्तिशीचं, पण कामं म्हातारीची मिळायची. तालमीला येताना हातात डबा आणि पिशवी, आली की आधी नाटकातल्या सगळ्या जागा पायांनी चालून बघायची, मग बोलायची. कोणाशी सलगी नाही.

"उंची मला का विचारता? तिलाच विचारा."

"विचारलं असतं," तो माझ्या भिंतीला म्हणाला. "पण मग त्या विचारतील कशाला हवी."

"दारासाठी हवी आहे ना?"

मी म्हटलं, "भावोजी, सरळ बोला. लग्न करायचंय का तिच्याशी?"

"तुम्ही याल का बरोबर? माझं इथे दुसरं कोण आहे?"

म्हणून एका रविवारी दुपारी मी आणि तो मुलुंडला तिच्या भावाकडे गेलो. भाऊ कुठल्याशा हापिसात कारकून होता, स्वच्छ धोतर, चष्मा. त्याच्या बायकोने चिवडा केला होता. बहीण आतल्या खोलीत. विधवेचं लग्न म्हणजे भावाला आधीच अवघड झालेलं, त्यात हा समोर बसून घड्याळाच्या मागच्या भिंतीकडे बघतोय.

"राहायला कुठे?" भावाने विचारलं.

"घाटकोपर. या वहिनींच्या शेजारी. एक खोली."

"एकच?" भावाचं तोंड उतरलं.

ते याच्याही ध्यानात आलं असावं. आपल्या बाजूने काहीतरी सांगावं म्हणून तो म्हणाला, "पण माझे स्वतःचे फ्लॅट आहेत."

भाऊ सरळ बसला. "फ्लॅट? ओनरशिपचे?"

"माझेच. मीच बांधले."

"किती असतील?"

"मोठे आठ-नऊ. बारके वेगळे. दोनांना दारं आहेत, एकाला खिडकी."

"एकालाच खिडकी?"

"जास्त खिडक्या करून काय करायचंय? उजेड फुकट जातो."

भावाची बायको चिवड्याची दुसरी बशी घेऊन दारात येऊन थांबली. भाऊ आता अदबीने बोलायला लागला. "आणि भाड्याने देता?"

"गणपतीत देतो. एरवी कोण घेतंय? एरवी कारखान्याच्या मागे एकावर एक टेकवून ठेवतो."

"टेकवून?"

"आडवे ठेवले तर पावसात मांजरपाट फुगतं ना."

मला आता कळलं, पण बोलायला तोंड उघडेपर्यंत आतल्या खोलीतून हसू फुटलं. ती पदर तोंडात कोंबून हसत होती, तरी बाहेर ऐकू येत होतं. नाटकातल्या भिंतींना, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेल्या फळ्यांना, नाटकवाले फ्लॅट म्हणतात. भावाला कसं माहीत असणार? आणि लोक ज्यात राहतात त्याला पण फ्लॅट म्हणतात, हे याच्या डोक्यात कसं येणार? बशी तशीच आत परत गेली.

भाऊ काही हसला नाही. पण ती आम्हाला नाक्यापर्यंत सोडायला आली, चालताना मध्येच आठवून पुन्हा हसली. मला वाटलं, झालं जमल्यात जमा.

ती त्याला म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्याकडे कधी बघत नाही."

"बघतो."

"कधी?"

"तुम्ही दुसरीकडे बघत असता तेव्हा."

ती थोडी चालली. मग म्हणाली, "नाटक होऊ दे. प्रयोग झाला की सांगते. डोक्यात काम असताना मी दुसरा विचार करत नाही." आणि मला म्हणाली, "घाई त्यांना असेल ताई, मला नाही."

"प्रयोग झाला की," तो वाटेत मला म्हणाला. त्यानंतर रोज कधी ना कधी म्हणायचा.

ते नाटक साधंच होतं. चाळीतली एक खोली, आईबाप, दोन मुलगे, मुलगी. मोठा मुलगा बायकोला घेऊन वेगळा होतो, मुलगी सासरी जाते, बाप मरतो, धाकटा दूर नोकरीला जातो. शेवटी आई एकटी. लेखकाने शेवटी तिच्या तोंडी पानभर भाषण घातलं होतं, देवाला आणि नशिबाला बोल लावायचं. याने दिग्दर्शकाला सांगितलं, भाषण काढा.

"मग बाई करणार काय?"

"खाटेवरून उठेल, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पिईल. बास."

"हे काय नाटक झालं?"

"खोली माझ्यावर सोडा."

त्याने केलेली युक्ती अशी. खोलीच्या तिन्ही भिंती दुहेरी केल्या, एका फ्लॅटच्या मागे दुसरा लपवलेला. घरातलं एक माणूस गेलं की प्रवेश संपतो, काळोख होतो, त्या काळोखात भिंती हातभर मागे घ्यायच्या. मागे घेताना कोपऱ्यांत फट पडते, ती लपवलेला फ्लॅट बाजूला सरकवून भरायची, रंग तोच, डाग तेच. लोकांच्या लक्षात येत नाही. आधी खोलीत माणसं एकमेकांच्या अंगावरून जात होती, शेवटी तीच खोली ओसाड मैदानासारखी. खाटेचं पण तसंच. शेवटच्या प्रवेशाला खाट काढून हुबेहूब तशीच, पण लहान खाट ठेवायची. त्यासाठी माझ्याकडून एकाच लुगड्याच्या दोन गोधड्या शिवून घेतल्या, एक मोठी, एक लहान. लहान गोधडीचे चौकोनही लहान हवेत म्हणाला. माझे डोळे गेले त्या चौकोनांपायी.

"माणसं गेली की खोली मोठी होते, वहिनी," टाके बघत म्हणाला. "लोक म्हणतात जागा झाली."

भाषण काढायचं ठरलं तेव्हा मला वाटलं ती भांडेल. नटीला आपलं भाषण म्हणजे जीव. पण तिने खोली नीट बघून घेतली, खाटेपासून माठापर्यंत चालून बघितलं, आणि म्हणाली, "चालेल. पण इतकं लांब मी सरळ चालणार नाही. म्हातारी आहे. मध्ये इथे भिंतीला हात टेकीन, दम घेईन, मग पुढे जाईन. इथे भिंत हवी." त्याने तिथे जमिनीवर खडूची खूण केली. सगळ्या तालमींत भिंत त्या खुणेवर यायची, तिचा हात बरोबर तिथे पडायचा.

प्रयोग कामगारांच्या स्पर्धेतला, पहिल्या फेरीचा, संध्याकाळी, शाळेच्या हॉलात. परीक्षक पुढे बसलेले. खाट आणि गोधडी बदलायला मी विंगेत होते. एकेक माणूस जात गेलं, एकेकदा काळोख झाला, भिंती मागे गेल्या. हॉलमध्ये कोणाला कळत नव्हतं, पण माणसं खोकायची थांबली होती. शेवटच्या काळोखात मी लहान खाट लावली आणि विंगेत परतले, तर हा भिंत ओढतच होता. खुणेवर आली तरी थांबेना.

मी कुजबुजले, "भावोजी, खूण गेली मागे."

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि भिंत आणखी हातभर घेतली. तेवढ्यात उजेड आला.

ती उठली. पेला घेतला. चालायला लागली. नेहमीच्या जागी आली, न बघता हात टेकायला बाजूला केला, आणि तिथे भिंत नव्हती. हात हवेत गेला, तोल गेला, ती गुडघ्यावर आदळली. पितळेचा पेला सुटला आणि गडगडत गेला, गेला, त्या एवढ्या मोठ्या खोलीत गडगडतच राहिला. बाकी हॉलात आवाज नाही. ती काही वेळ तशीच राहिली. मग उठली आणि हात पुढे करून, आंधळ्यासारखी चाचपत, भिंत शोधायला लागली. सापडली तेव्हा तिने दोन्ही तळवे त्यावर ठेवले. पाणी प्यायची राहूनच गेली. पडदा.

टाळ्या उशिरा आल्या. माझ्या अंगावर काटा आला होता, ते कशाला नाकारू? मी इतकी नाटकं बघितली, तसलं पुन्हा बघितलं नाही.

मागे मेकपच्या खोलीत ती गुडघा चोळत बसली होती. हा धावत आला. पहिल्यांदाच मी त्याला कोणाच्या तोंडाकडे, सरळ डोळ्यांत बघताना पाहिलं.

"बघितलंत? श्वास अडकला होता सगळ्यांचा!"

"मला आधी का सांगितलं नाही?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुम्ही ते केलं असतं. मला ते व्हायला हवं होतं."

"मी नटी आहे हो," ती म्हणाली. "करायलाच येते मी."

त्याला ते कळलं नाही. तो हसतच होता. दिग्दर्शक आला, परीक्षकांपैकी कोणी आलं, तिचं कौतुक सुरू झालं. नाटक अंतिम फेरीत गेलं. तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं. बक्षीस तिने घेतलं.

काही दिवसांनी ती पोलकं न्यायला आली. माझ्या मशीनपाशी बसली. दुपारची वेळ, त्याला सुट्टी होती, पलीकडे घरातच होता. मी विचारलं, "मग? सांगणार होतीस ना?"

"नाही म्हणून सांगा त्यांना, ताई."

"हळू बोल. पलीकडे ऐकू येतं."

"ऐकू दे." तिने आवाज कमी केला नाही, वाढवलाही नाही. "आज भिंत सरकवली. उद्या आणखी काही सरकवतील, आणि मी पडले की टाळ्या पिटतील. स्टेजवर ठीक आहे. घरात भिंत जागेवर आहे का हे रोज हाताने चाचपून बघावं लागेल, तिथे मला नाही यायचं. भावाच्या घरी माझा कोपरा एवढासा आहे. पण असतो तिथे असतो."

"माणूस वाईट नाही गं."

"नाहीच. मी कुठे म्हटलं?"

ती गेल्यावर मी त्याच्या खोलीत गेले. खाट त्या दिवशी रंगवलेल्या खिडकीखाली होती, हा तिच्यावर बसलेला. सगळं ऐकलेलं होतं, सांगायचं काही उरलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "एक विचारू? तुम्हाला ती बाई हवी होती, की तिचा तो हवेत गेलेला हात?"

खोटं बोलायचं त्याला सुचायचं नाही, तो एक गुण म्हणा.

"तेव्हा हातच हवा होता, वहिनी," म्हणाला.

पुढे आम्ही ती चाळ सोडली, बोरिवलीला आलो. तो घाटकोपरलाच राहिला. मग कधीतरी कारखाना सुटला, खोली सोडली, कोकणात बहिणीकडे गेला असं ऐकलं, आणि तिकडेच वारल्याचं फार उशिरा कळलं. शेवटी जवळ कोण होतं, मला माहीत नाही. त्याने मात्र मोठं नाव काढलं असं काही कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नाटकाच्या जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

मला सांगायची आहे ती अंतिम फेरीची दुपार, तिने नाही म्हटल्यानंतरची.

तिने दिग्दर्शकाला निरोप दिला होता: भिंत खुणेवर असेल तर मी काम करीन. नाहीतर दुसरी बाई बघा. दिग्दर्शक घाबरून याच्याकडे आला, आता हा मोडता घालणार म्हणून. पण हा म्हणाला, "ठीक."

हॉल मोठा होता. शेवटच्या प्रवेशाच्या काळोखात भिंत खुणेवर आली, आणि याने हातोडी काढली. फ्लॅटच्या पायाला खिळे मारून तो स्टेजच्या लाकडात ठोकला. हॉलचा माणूस विंगेतून धावत आला. "ओ मिस्टर, स्टेजला खिळे मारायचे नाहीत! बोर्ड वाचता येत नाही काय?" हा ठोकतच राहिला. काळोख लांबला, लोक चुळबुळायला लागले. आयुष्यात त्याने भिंत जमिनीला ठोकलेली मी तेव्हाच बघितली.

उजेड आला. ती उठली, चालली, हात टेकला. हात भिंतीवर पडला. तिने दम घेतला, आपलं काम चोख केलं, पाणी प्यायली. पडताना जे दिसलं होतं ते तिने नुसत्या चेहऱ्याने दाखवायचा प्रयत्न केला, आणि चांगला केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतलं पोर रडत होतं, ते सगळ्यांना ऐकू आलं. बक्षीस दुसऱ्या नाटकाला गेलं.

सामान उतरवायला सुरुवात झाली. ती साडी बदलून, पिशवी घेऊन निघाली होती. हा स्टेजवर भिंतीपाशी उभा होता. त्याने तिला हाक मारली. नाव घेऊन नाही, "अहो, जरा," एवढंच.

ती आली. तो म्हणाला, "हात लावून बघा. हलत नाही."

तिने पिशवी खाली ठेवली, तळवा टेकवला, जरा दाबून बघितलं. तो भिंतीकडे बघत नव्हता. तिच्याकडेच बघत होता, आणि ती काय म्हणते याची वाट बघत होता. मी दोन्ही गोधड्या काखेत मारून तिथेच उभी.

"नाही हलत," ती म्हणाली. "चांगली ठोकलीत."

आणि पिशवी उचलून पायऱ्या उतरली. तिचा भाऊ खाली दाराशी थांबला होता.

हॉलचा माणूस खिळे काढा, खिळे काढा म्हणून मागे लागला होता. हा गुडघ्यांवर बसला आणि पकडीने एकेक खिळा उपसायला लागला. घट्ट बसले होते, निघत नव्हते. मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, "भावोजी, फ्लॅट धरू का मी?"

त्याने वर बघितलं नाही.

"नको, वहिनी. बाजूला व्हा जरा. उजेड अडतोय."